गाठींचं सिक्वेन्सिंग हातात आहे, मग प्रोटिओमिक्स कशासाठी आणि ते जोडायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींचं एक्झोम (जीनोममधला प्रथिनांचे क्रम ठरवणारा भाग) आणि आरएनए सिक्वेन्सिंग झालेलं आहे. मार्गदर्शक म्हणतात, मास स्पेक्ट्रोमेट्रीही करून घ्या, म्हणजे वस्तुमानावरून प्रथिनं ओळखून मोजा (हेच प्रोटिओमिक्स). त्यातून नवं काय कळेल, दोन्हीकडची माहिती एकत्र कशी बसवायची आणि फसगत कुठे होते?

आधी मुद्द्याचं. सिक्वेन्सिंगमधून गाठीतली कोणती जनुकं बदलली ते कळतं. त्या बदलाने पेशीच्या कामकाजात काही फरक पडला का, याचा मात्र त्यावरून अंदाजच बांधता येतो. काम करतात ती प्रथिनं, आणि त्यांचं प्रमाण किती, ती किती काळ टिकतात, त्यांच्यावर फॉस्फेट कुठे बसला आहे, हे डीएनएत वाचायला मिळत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मास स्पेक्ट्रोमीटरलाही प्रथिनं आपोआप ओळखता येत नाहीत. नमुन्यात कोणते क्रम असू शकतात याची यादी सॉफ्टवेअरला द्यावी लागते आणि ती यादी जीनोममधूनच येते. म्हणजे दोन्ही पद्धती एकमेकींचा ताळा पाहतात. गेल्या दहा-बारा वर्षांत संशोधनाची रीत बदलली आहे ती यामुळे. पूर्वी जनुकातल्या बदलावरून थेट रोगावर उडी मारली जायची. आता मधली प्रत्येक पायरी मोजून दाखवा, अशी अपेक्षा असते.

आरएनए मोजलं म्हणजे प्रथिन मोजलं असं होत नाही

हे गृहीतक सगळ्यात आधी सोडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सीपीटॅक या प्रकल्पाने २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ९५ गाठींची प्रथिनं मोजली. या गाठींचं सिक्वेन्सिंग टीसीजीए या कर्करोगांच्या जीनोमच्या प्रकल्पात आधीच झालेलं होतं. एकेक जनुक घेऊन सगळ्या गाठींमध्ये त्याचं आरएनए आणि प्रथिन सोबत वर-खाली होतं का, हे पाहिलं तेव्हा सरासरी सहसंबंध ०.२३ निघाला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस सहसंबंध जेमतेम ३२ टक्के जनुकांत होता. २०१६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७७ गाठींवर हाच आकडा मध्यक ०.३९ आला. या दोन आकड्यांतला सगळा फरक जीवशास्त्राचा समजू नका. २०१४ ला लेबल न लावता स्पेक्ट्रमांची (उपकरणाने नोंदवलेल्या वस्तुमानांच्या आलेखांची) मोजदाद केली होती, २०१६ ला आयट्रॅक लेबल, म्हणजे अनेक नमुने एकत्र मोजता यावेत म्हणून प्रथिनांच्या तुकड्यांना लावायची रासायनिक खूण, वापरलं होतं. मोजमापातला गोंधळ कमी झाला की सहसंबंध वाढतोच.

तरीही तो १ च्या जवळ जात नाही, याची कारणं खरी आहेत. पहिलं अर्धायुष्याचं. उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर २०११ मध्ये झालेल्या मोजणीत आरएनएचं मध्यक अर्धायुष्य ९ तास आणि प्रथिनांचं ४६ तास मिळालं. त्यामुळे आजचं आरएनए आजच्या घडामोडी दाखवतं, तर आजच्या प्रथिनात मागच्या काही दिवसांचा साठा असतो. दुसरं कारण संकुलांचं. रायबोसोम किंवा मायटोकाँड्रियातली श्वसनसाखळी यांचे घटक ठरावीक प्रमाणातच एकमेकांत बसतात. एखाद्या घटकाच्या जनुकाच्या प्रती वाढल्या, आरएनए वाढलं, जादा प्रथिनही तयार झालं, तरी ज्याला जोडीदार मिळत नाही ते पेशी मोडून टाकते. म्हणून अशा जनुकांत सहसंबंध सगळ्यात कमी दिसतो आणि सुट्या काम करणाऱ्या चयापचयाच्या एन्झाइम्समध्ये बराच चांगला दिसतो. तुमच्या विदेत हा फरक दिसलाच नाही, तर जीवशास्त्राचा विचार करण्याआधी मोजमाप तपासा.

याचा व्यवहारातला उपयोग म्हणजे उमेदवारांची छाटणी. गुणसूत्र २० ची लांब भुजा आतड्याच्या कर्करोगात वारंवार वाढलेली असते आणि तिच्यावर शेकडो जनुकं आहेत. रोगाला खतपाणी घालणारी त्यांतली कोणती आणि नुसती शेजारी असल्यामुळे वाढलेली कोणती, हे डीएनएवरून सांगता येत नाही. २०१४ च्या त्या अभ्यासात प्रती वाढल्याचा परिणाम आरएनएमध्ये अनेक ठिकाणी दिसला, पण प्रथिनापर्यंत पोचताना बहुतेक ठिकाणी विरून गेला. २० क्यू या भागाचा (म्हणजे याच लांब भुजेचा) परिणाम मात्र दोन्ही पातळ्यांवर सगळ्यात ठळक होता. त्यातून एचएनएफ४ए, टॉम३४ आणि सार्क ही मोजकी नावं पुढे आली. शेकड्यांवरून तिनावर येणं म्हणजे प्रयोगशाळेतल्या कित्येक वर्षांची बचत.

फॉस्फेटची गोष्ट तर आरएनएमधून दिसणंच शक्य नाही. आरबी हे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालतं, आणि बऱ्याच कर्करोगांत ते हरवलेलं असतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र आरबीच्या जनुकाच्या प्रती आणि प्रथिन वाढलेलं आढळतं. नुसत्या जीनोमिक्सला हे कोडं सुटत नव्हतं: लगाम घालणारं प्रथिन गाठीला हवं कशाला? २०१९ मध्ये ११० रुग्णांच्या गाठी आणि शेजारची निरोगी ऊती यांची तुलना झाली तेव्हा उत्तर फॉस्फोरिलेशनमध्ये मिळालं. गाठीतलं आरबी फॉस्फेटने भरलेलं होतं. अशा आरबीचा विभाजनावरचा लगाम सुटतो आणि पेशीचा ठरवून होणारा मृत्यूही कमी होतो, असं त्यातून पुढे आलं. हा फॉस्फेट बसवणारं सीडीके२ त्यामुळे औषधाचं संभाव्य लक्ष्य ठरलं. मार्गदर्शकांना अभिप्रेत असलेला फायदा बहुधा हाच असावा.

एक पेप्टाइड जवळून पाहू

आतड्याच्या कर्करोगात केरास जनुकातलं उत्परिवर्तन सुमारे ४० टक्के गाठींत सापडतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ. मोजण्याआधी प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने कापून त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, करतात. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांनंतर कापतं. त्यामुळे केरासच्या ६ ते १६ या स्थानांचं एक पेप्टाइड सुटं होतं (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल): एल-व्ही-व्ही-व्ही-जी-ए-जी-जी-व्ही-जी-के. यातलं सातवं अक्षर, म्हणजे प्रथिनातलं १२ वं स्थान, हे कुप्रसिद्ध ग्लायसीन. जी१२डी उत्परिवर्तनात तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं आणि वस्तुमान ५८.००५५ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं.

पहिली अडचण अशी की कार्बोक्सिमिथाइल हा रासायनिक बदलही नेमका ५८.००५५ डाल्टनचाच आहे. जी१२व्ही मध्ये वाढ ४२.०४७० असते आणि तीन मिथाइल गट बसले तरी तेवढीच वाढ होते. उपकरण कितीही अचूक असलं तरी नुसत्या एकूण वस्तुमानावरून यांतला फरक कळणार नाही, कारण अणूंची संख्या तीच आहे. निर्णय होतो तो उपकरणात पेप्टाइड फोडून मिळणाऱ्या तुकड्यांवर. लेबल न लावलेल्या पेप्टाइडात के-टोकाकडचा वाय४ (शेवटच्या चार अक्षरांचा) तुकडा दोन्ही रूपांत ३६०.२२ वर येतो. वाय५ मूळ रूपात ४१७.२५ वर येतो आणि जी१२डी मध्ये ४७५.२५ वर. हे दोन शेजारी तुकडे स्पष्ट दिसत नसतील, तर बदल त्याच जागी आहे असं म्हणू नका, स्कोअर कितीही चांगला असो.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. उत्परिवर्तन नसलेलं हे पेप्टाइड केरास, एचरास आणि एनरास या तिन्ही प्रथिनांत अक्षरशः सारखं आहे. त्यामुळे बदललेल्या आणि मूळ पेप्टाइडचं गुणोत्तर काढून 'केरासच्या दोन प्रतींपैकी कोणती किती व्यक्त होते' असा निष्कर्ष काढणं चूक ठरतं. भाजकात तिघांची बेरीज आहे. बदललेलं पेप्टाइड दिसलं तरी ते तिघांपैकी कुणाचं, हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगू शकत नाही. त्याच गाठीचं एक्झोम सांगतं. जीनोमिक्सशिवाय प्रोटिओमिक्सचं पान हलत नाही ते असं.

जी१२आर मध्ये आणखी गंमत होते. नवं आर्जिनीन आल्याने ट्रिप्सिन तिथेच कापतं आणि सात अक्षरांचं एल-व्ही-व्ही-व्ही-जी-ए-आर एवढंच उरतं. उरलेला चार अक्षरांचा तुकडा कामाचा नाही. म्हणून उत्परिवर्तनांचा डेटाबेस बनवताना मूळ पेप्टाइडात एक अक्षर बदलून भागत नाही. आधी प्रथिनाचा पूर्ण क्रम बदला आणि मग संगणकात ट्रिप्सिनने कापा.

खात्री करायची असेल तर शेवटच्या लायसीनवर जड समस्थानिकं असलेलं कृत्रिम पेप्टाइड मागवा. ते ८.०१४ डाल्टनने जड असतं. नमुन्यात मिसळल्यावर दोन्ही एकाच वेळी स्तंभातून बाहेर पडले आणि तुकड्यांचा आकृतिबंध जुळला, तर शंकेला जागा उरत नाही. ज्या पेप्टाइडवर लेखाचा मुख्य निष्कर्ष उभा आहे, त्याच्यासाठी हा खर्च टाळू नये.

नमुना: निम्मं काम इथेच बिघडतं

डीएनए एका तुकड्यातून, आरएनए दुसऱ्यातून आणि प्रथिन तिसऱ्यातून काढलं, तर तिन्हींत कर्कपेशींचं प्रमाण वेगळं असतं आणि पुढे जो विसंवाद दिसतो तो जीवशास्त्राचा की तुकड्यांचा, हे कुणालाच सांगता येत नाही. गाठ द्रव नायट्रोजनमध्ये गोठलेलीच ठेवून तिची भुकटी करा आणि तीच भुकटी तिन्हीकडे वाटा. ५० मिलिग्रॅम ओल्या ऊतीतून साधारणपणे दोन ते पाच मिलिग्रॅम प्रथिन मिळतं. चरबी किंवा तंतुमय भाग जास्त असेल तर कमी.

शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा तुटल्यापासून गोठवेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. सीपीटॅकच्या २०१४ च्या एका अभ्यासात गाठी वेगवेगळ्या वेळाने गोठवून पाहिल्या. तासाभरात एकूण प्रथिनांच्या प्रमाणात जवळजवळ फरक पडला नाही, पण फॉस्फोरिलेशनच्या सुमारे २४ टक्क्यांपर्यंत जागा बदलल्या आणि त्यांत ताण दाखवणारे मार्ग पुढे होते. शस्त्रक्रियागृहातून नमुना कधी निघाला याची नोंद नसेल तर एकूण प्रथिनांचा अभ्यास खुशाल करा. फॉस्फोचे निष्कर्ष मात्र जपून मांडा.

पॅथॉलॉजीत गोठवलेले नमुने बरेचदा ओसीटी या जेलमध्ये बसवलेले असतात. आरएनए काढणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरला मात्र तो विषासारखा. त्यातलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४४.०२६ डाल्टनच्या अंतराने शिखरांची रांग लावतं आणि पेप्टाइडांचे संकेत दाबून टाकतं. असे नमुने असतील तर ऊती ७० टक्के इथेनॉल आणि पाण्याने नीट धुवा. सगळा संच चालवण्याआधी एक नमुना चालवून ही रांग दिसते का, ते पाहा.

पेशी फोडण्यासाठी ८ मोलर युरिया, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, सोबत ७५ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए आणि प्रोटीएज व फॉस्फटेज या दोन्हींचे रोधक घाला. युरिया त्या दिवशीच विरघळवा आणि ३७ अंशांच्या वर तापवू नका. शिळ्या किंवा तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं, ते पेप्टाइडच्या सुरुवातीच्या टोकावर आणि लायसीनवर बसतं, वस्तुमान ४३.००६ ने वाढतं. शिवाय ती जागा अडल्यामुळे पुढे टीएमटी लेबलही (आयट्रॅकसारखीच खूण) तिथे बसत नाही.

प्रथिन बीसीए चाचणीने मोजा. मग सिस्टीनांमधले दुवे तोडायला ५ मिलिमोलर डीटीटी ३७ अंशांवर तासभर. ते पुन्हा जुळू नयेत म्हणून १० मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइड खोलीच्या तापमानाला अंधारात ४५ मिनिटं. आयोडोअ‍ॅसिटामाइडचं प्रमाण किंवा वेळ वाढवून 'जास्त खात्री' करू नका. ते सिस्टीन सोडून इतर जागीही चिकटतं आणि ती ५७.०२१५ ची वाढ म्हणजे नेमकं एक ग्लायसीन. नव्या क्रमांच्या शोधात हे खोटे साक्षीदार ठरतात. त्यानंतर युरिया २ मोलरच्या खाली येईल इतकं पातळ करा, कारण त्याहून जास्त युरियात ट्रिप्सिन मंदावतं. एंझाइम एक भाग आणि प्रथिन ५० भाग या प्रमाणात आधी लाइससी (फक्त लायसीननंतर कापणारं एंझाइम) दोन तास, मग ट्रिप्सिन रात्रभर २५ अंशांवर. सकाळी फॉर्मिक आम्लाने पीएच ३ च्या आसपास आणून क्रिया थांबवा आणि सी१८ स्तंभावर क्षार धुवून काढा. न कापलेल्या जागा असलेली पेप्टाइडं २० टक्क्यांच्या वर दिसली तर पुढे जाऊ नका. युरिया पुरेसा पातळ झाला नव्हता किंवा ट्रिप्सिन जुनं होतं, एवढंच सहसा निघतं.

टीएमटी लेबल प्राथमिक अमाइनला चिकटतं आणि ट्रिसमध्येही तोच गट आहे. म्हणून सी१८ नंतर पेप्टाइड हेपेस बफरमध्ये, पीएच ८.५ ला घ्या. सगळे नमुने मिसळण्याआधी प्रत्येकातला चिमूटभर भाग चालवून लेबलिंग ९५ टक्क्यांच्या वर आहे ना, ते तपासा. हायड्रॉक्सिलअमाइन घालून क्रिया थांबवायची ती या तपासणीनंतर, कारण एकदा थांबवली की पुन्हा लेबल घालता येत नाही. प्रत्येक संचात एक चॅनेल (म्हणजे एक लेबल) सगळ्या नमुन्यांच्या मिश्रणासाठी राखून ठेवा. संच एकमेकांना जोडणारा दुवा तोच. मग पीएच १० ला वेगळं करून ९६ भाग गोळा करायचे आणि दूरचे-दूरचे एकत्र करून २४ करायचे. त्यातला ५ टक्के भाग एकूण प्रथिनांसाठी आणि उरलेला ९५ टक्के फॉस्फोसाठी, अशी वाटणी सीपीटॅकमध्ये रूढ झाली. फॉस्फो-पेप्टाइडं इतकी कमी असतात की उलटी वाटणी परवडत नाही.

फॉस्फो नको असेल आणि नमुने मोजके असतील, तर लेबलच्या भानगडीत न पडता डीआयए पद्धत (यात उपकरण निवड न करता सगळीच पेप्टाइडं फोडून मोजतं) घ्या. दर नमुन्याला एकच रन लागतो, मायक्रोग्रॅमभर पेप्टाइड पुरतं आणि आजच्या उपकरणांवर हजारो प्रथिनं आरामात मिळतात.

डेटाबेस आणि खोटे शोध

डेटाबेस जितका मोठा तितकं जास्त सापडेल, असं नवख्याला वाटतं. घडतं उलटं. मानवी जीनोम ३१० कोटी बेसचा आहे. त्याचं सहाही चौकटींत (दोन्ही धाग्यांवर वाचन सुरू करण्याच्या तीन-तीन जागा) भाषांतर केलं तर सुमारे ६२० कोटी अमिनो आम्लं होतात, तर २० हजारांच्या आसपास ज्ञात प्रथिनांचे प्रमाणित क्रम मिळून साधारण सव्वा कोटीच्या आत भरतात. पाचशे पट गवतात सुई शोधायची म्हणजे योगायोगाने जुळणाऱ्या काड्याही तितक्याच पट वाढतात, आणि त्या टाळायला उंबरठा वाढवला की खरी पेप्टाइडंही हातची जातात. क्षयाच्या जीवाणूचा जीनोम मात्र फक्त ४४ लाख बेसचा आहे. सहा चौकटी मिळून ८८ लाख अमिनो आम्लं, म्हणजे तिथे ही पद्धत चालते. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सच्या पुढाकाराने २०११ मध्ये एच३७आरव्ही या प्रमाण वाणावर हे काम झालं आणि जीनोमच्या नोंदीत नसलेली ४१ प्रथिन-जनुकं पुढे आली. तो जीनोम १९९८ पासून प्रसिद्ध होता, जगभर वापरला जात होता, तरीही ती निसटली होती.

माणसासाठी डेटाबेस त्या-त्या रुग्णाच्या सिक्वेन्सिंगवरून बनवा. ज्ञात प्रथिनं, त्या गाठीच्या एक्झोममधली अमिनो आम्ल बदलणारी उत्परिवर्तनं आणि आरएनएमध्ये पुरेशा रीड्सनी (सिक्वेन्सिंगच्या वाचनांनी) सिद्ध झालेले नवे सांधे, म्हणजे जनुकाचे तुकडे (एक्झॉन) जोडले जातात त्या जागा, एवढंच घ्या. टीएमटी संचात दहा नमुने एकत्र असतील तर दहांचे बदल एकत्र करावे लागतात. सिक्वेन्सिंग आणि प्रथिनांची यादी यांत जनुकांच्या नोंदीची आवृत्ती एकच असू द्या. एकीकडे जुनी आणि दुसरीकडे नवी आवृत्ती असली की शेकडो जनुकं मुकाट गळून पडतात आणि कुठलीही त्रुटी-सूचना येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. समजा, १ टक्का एफडीआरवर (स्वीकारलेल्या जुळण्यांत खोट्यांचं अंदाजे प्रमाण) तुम्हाला १,००,००० स्पेक्ट्रम-जुळण्या मिळाल्या. म्हणजे त्यांत सुमारे १,००० चुकीच्या. चुकीच्या जुळण्या डेटाबेसच्या आकारानुसार विखुरतात. नवे क्रम डेटाबेसचा पाचवा भाग असतील तर त्यांच्या वाट्याला २०० चुका येतील. आणि नव्या क्रमांच्या एकूण जुळण्याच ४०० असतील, तर निम्म्या खोट्या निघाल्या, जरी अहवालात १ टक्का लिहिलं असलं तरी! म्हणून नव्या पेप्टाइडांचा एफडीआर वेगळा काढायचा, ज्ञातांसोबत कधीच नाही. त्याहून चांगलं म्हणजे आधी सगळे स्पेक्ट्रम ज्ञात प्रथिनांवर आणि नेहमीच्या रासायनिक बदलांवर तपासा, आणि जे जुळले नाहीत तेच नव्या क्रमांवर न्या.

त्यानंतरही हाताने चाळणी लावा. ऑक्सिडेशनची १५.९९४९ ची वाढ आणि अ‍ॅलनीनच्या जागी सेरीन येणं, वस्तुमानात एकच. अ‍ॅस्पॅराजीनचं डीअमिडेशन झालं तर थेट अ‍ॅस्पार्टिक आम्लच तयार होतं, म्हणजे तुकडे पाहूनही उत्परिवर्तन वेगळं ओळखता येत नाही. मिथाइल गट आणि ग्लायसीनच्या जागी अ‍ॅलनीन, तेही एकच. ल्युसीन आणि आयसोल्युसीन तर सारख्याच वस्तुमानाचे. असा बदल एक्झोममध्ये पुरेशा रीड्सनी दिसत असेल तरच ठेवा.

नवे आरएनए-सांधे प्रथिनात फार कमी दिसले तर निराश होऊ नका. एक्झॉनच्या शेवटी ए-जी ही अक्षरं वारंवार येतात आणि त्यामुळे सांध्यावर लायसीन किंवा आर्जिनीन पडण्याची शक्यता वाढते. ट्रिप्सिन नेमकं सांध्यावरच कापतं आणि दोन एक्झॉन जोडणारं पेप्टाइडच उरत नाही. सांध्यांवरच प्रकल्प उभा असेल तर कायमोट्रिप्सिनसारखं दुसरं एंझाइम सोबत घ्या.

सैल निकषांचं काय होतं ते मोठ्या प्रकल्पांतही दिसलं आहे. २०१४ मध्ये मानवी प्रोटिओमचे दोन आराखडे नेचरच्या एकाच अंकात आले. त्यातला एक अखिलेश पांडे यांच्या जॉन्स हॉपकिन्स आणि बंगळूरच्या गटांचा होता, १७,२९४ जनुकांच्या प्रथिनांचा. कामाचा आवाका जबरदस्त होता आणि विदा आजही उपयोगी पडते. पण दोन्ही आराखड्यांत वासाच्या ग्राही प्रथिनांच्या नोंदी अशा ऊतींमध्ये निघाल्या जिथे ती असण्याचं कारण नव्हतं, आणि लवकरच इतर गटांनी त्या जुळण्या कमकुवत असल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर मानवी प्रोटिओम प्रकल्पाने नियम घट्ट केला: नव्या प्रथिनाच्या दाव्यासाठी किमान नऊ अक्षरांची, एकमेकांत न सामावणारी, फक्त त्याच प्रथिनाची दोन पेप्टाइडं हवीत. तुम्हीही हाच नियम धरा.

जुळवणी करताना

पहिलं काम नमुन्यांची ओळख पटवणं. प्रत्येक नमुन्याच्या प्रथिनांचा प्रत्येक नमुन्याच्या आरएनएशी सहसंबंध काढून तक्ता मांडा. प्रत्येक ओळीत सगळ्यात मोठा आकडा कर्णावर आला पाहिजे. डीडीएक्स३वाय आणि आरपीएस४वाय१ ही वाय गुणसूत्रावरची प्रथिनं स्त्री-रुग्णाच्या नमुन्यात ठळक दिसली तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. ही भीती काल्पनिक नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत सीपीटॅक आणि प्रिसिजनएफडीए (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचं व्यासपीठ) यांनी चुकीची लेबलं शोधण्याचीच खुली स्पर्धा घेतली होती, इतकी ती अडचण सार्वत्रिक आहे.

टीएमटीमध्ये गुणोत्तरं दबलेली दिसतात, कारण निवडलेल्या पेप्टाइडसोबत शेजारची पेप्टाइडंही तुटतात आणि सगळ्या चॅनेलना थोडाथोडा संकेत देतात. दहा पट फरक चार-पाच पट दिसू शकतो. दिशा बरोबर असते, आकार नाही. गहाळ आकड्यांबाबत एकच सूत्र सगळीकडे लावू नका: लेबल नसलेल्या विदेत आकडा गहाळ असणं म्हणजे बहुधा प्रथिन कमी असणं, टीएमटीत मात्र ते त्या संचात निवडलंच गेलं नाही एवढाच अर्थ असू शकतो. तिथे किमान आकडा भरणं म्हणजे विदेत खोटा संकेत घालणं.

एका जनुकाच्या प्रती बदलल्याने दुसऱ्याच जनुकांच्या प्रथिनांवर काय परिणाम होतो, याचा नकाशा फार मोहक असतो. २०१६ च्या स्तनकर्करोगाच्या अभ्यासात गुणसूत्र ५ ची लांब भुजा गमावलेल्या गाठींत एसकेपी१ आणि सीईटीएन३ कमी होऊन ईजीएफआर वाढतं, असा दुवा याच वाटेने मिळाला. पण २० हजार जनुकं गुणिले १० हजार प्रथिनं म्हणजे २० कोटी चाचण्या. शंभराच्या आसपास गाठी नसतील तर हा नकाशा काढूच नका. वीस-पंचवीस नमुन्यांत आधी ठरवलेले मोजके प्रश्न विचारा.

लोकसंख्येच्या पातळीवरही हीच जोडणी चालू आहे. यूके बायोबँकेच्या २०२३ च्या अभ्यासात ५४,२१९ लोकांच्या रक्तातली २,९२३ प्रथिनं मोजून १४,२८७ जनुकीय दुवे मांडले गेले, आणि औषधाचं लक्ष्य निवडताना ते आता सर्रास पाहिले जातात. तिथला सापळा वेगळा आहे. मोजणी अँटिबॉडीने होते. एखाद्या बदलाने प्रथिनाचं प्रमाण तेच राहिलं, पण अँटिबॉडी जिथे चिकटते ती जागा बदलली, तर आकडा कमी येतो आणि प्रथिन कमी झाल्याचा भास होतो. दुवा त्याच जनुकातल्या अमिनो आम्ल बदलणाऱ्या बदलाशी जोडलेला असेल, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने ताळा पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. सिक्वेन्सिंगला वापरलेल्या त्याच गाठींची गोठवलेली ऊती शिल्लक असेल तर आधी दहा नमुन्यांचं डीआयए करा, त्यांतला एक नमुना तीनदा. तिन्ही रनमध्ये मध्यक फरक २० टक्क्यांच्या आत आला, आरएनएशी कर्ण जुळला आणि चयापचयाची एन्झाइम्स रायबोसोमपेक्षा चांगली जुळली, तर बाकीचे नमुने लावा. मेणात बसवलेल्या ठोकळ्यांवरही एकूण प्रथिनं चांगली मिळतात, मात्र फॉर्मालिनचे दुवे सोडवायला ९५ अंशांवर तासभर तरी उकळावं लागतं. फॉस्फोसाठी नवे नमुने, वेळेची नोंद ठेवून, वेगळे जमवा. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर मिळून गाठींच्या प्रोटिओजिनोमिक्सवर काम करतात. नमुना जमवण्याची पद्धत ठरवण्याआधी अशा गटाशी बोला, कारण नमुना गोठल्यावर दुरुस्त करता येण्यासारखं फारच थोडं उरतं.